रामटेकच्या माजी खासदाराचा हिशेब

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात चर्चासत्रांचं पीक येतं. तशाच एका चर्चेला सिताबर्डीवरच्या एका जुन्या सभागृहात मागच्या रांगेत बसलो होतो. विषय होता माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव. पहिल्या वक्त्याने १९९१ पासून सुरुवात केली आणि १९९१ मध्येच संपवलं. दुसऱ्याने ६ डिसेंबर १९९२, म्हणजे अयोध्येत बाबरी मशीद पडली तो दिवस, सोडून दुसरी तारीखच घेतली नाही. एक म्हणाला, या माणसाने देश वाचवला. दुसरा म्हणाला, या माणसाने देश जळू दिला. अध्यक्षांनी, अध्यक्ष करतात तसं, दोघांचंही थोडं थोडं खरं असल्याचं सांगितलं आणि चहा आला. शेजारी बसलेले निवृत्त गृहस्थ कप हातात घेत म्हणाले, "म्हणजे गणितात पैकीच्या पैकी, नागरिकशास्त्रात नापास. एटीकेटी द्या अन् सोडा."

हसू आलं खरं, पण या वादाचं दुखणं त्या एटीकेटीतच आहे. दोन्ही बाजूंनी रावांची पाच वर्षं विषयवार वाटून घेतली आहेत, अर्थकारण माझं, अयोध्या तुझी. माणूस मात्र एकच होता आणि त्याची काम करायची रीतही एकच होती. निर्णय घ्यायचा, पण तो आपला आहे असं चारचौघांत म्हणायचं नाही. जमलं तर दुसऱ्याच्या तोंडून वदवायचा, नाहीतर दिवंगत नेत्यांच्या नावावर खपवायचा, आणि अंगाशी येईलसा वाटला तर घ्यायचाच नाही. ही रीत १९९१ मध्ये फळली, १९८४ आणि १९९२ मध्ये माणसांच्या जिवावर बेतली आणि १९९३ मध्ये संसदेला बाधली. पुढच्यांनी रावांकडून उचलली तीही हीच रीत. त्यामुळे उदारीकरणाच्या पुण्यातून अयोध्येचं पाप वजा करून काही हाती लागत नाही. हिशेब त्या रीतीचा मांडायला हवा.

तो नागपुरात मांडायला हवा, याला कारण आहे. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठाने. राव त्याच पिढीतले, आणि कायदा शिकले ते इथेच. पुढे १९८४ च्या डिसेंबरात ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन जागांवर उभे राहिले. त्या निवडणुकीत भाजपचे दोनच खासदार निवडून आले हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. त्या दोघांतला एक हनमकोंड्यात रावांना पाडून लोकसभेत गेला, हे सहसा कोणाला आठवत नाही. रावांना वाचवलं रामटेकने. १९८९ मध्ये पुन्हा रामटेकनेच. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, इतकी त्यांची मराठी मुरलेली. माझे मामा पारशिवनी तालुक्यातले, धान आणि कापूस करणारे. रावांच्या सभा त्यांनी ऐकलेल्या. त्यांचं एकच वाक्य आहे, "त्यायची मराठी पुण्याच्या मास्तरावानी. आमालेच अर्धी समजे."

आधी रावांच्या बाजूचं जे बळकट आहे ते सरळ मान्य करू. जून १९९१ मध्ये देशाच्या तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. चंद्रशेखर सरकारने मे महिन्यातच २० टन सोनं परदेशी धाडलं होतं, जुलैत आणखी ४७ टन गेलं. घरातलं मंगळसूत्र सावकाराकडे ठेवायची वेळ यावी तशी ती अवस्था. राव त्या वर्षी लोकसभेला उभेसुद्धा राहिले नव्हते, दिल्लीतून बाडबिस्तरा आवरत होते. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि महिन्याभरात हा सत्तरीचा माणूस पंतप्रधान झाला, तोही अल्पमतातल्या सरकारचा. पदावर येऊन दहा दिवस होताहेत तोच, १ आणि ३ जुलैला, दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. २४ जुलैला १८ उद्योग सोडून बाकीच्यांची परवानेशाही मोडीत निघाली आणि त्याच दिवशी मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प आला. अर्थमंत्री राजकारणाबाहेरचा आणायचा आणि पक्षातल्या ज्येष्ठांचा रोष आपण झेलायचा, हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नव्हतं. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, पूर्वेकडच्या देशांकडे वळलेली नजर, १९९३ चा चीनबरोबरचा सीमेवरील शांततेचा करार, जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात विरोधी पक्षनेते वाजपेयींना भारताचे प्रतिनिधी म्हणून पाठवणं, या श्रेयाबद्दल माझा कोणाशीच वाद नाही.

वाद आहे तो हे सगळं कसं केलं, याबद्दल. उद्योग खातं रावांनी स्वतःकडे ठेवलं होतं. स्वतंत्र भारताच्या औद्योगिक धोरणातला सर्वांत मोठा बदल संसदेत मांडायची वेळ आली तेव्हा उभे राहिले ते राज्यमंत्री पी. जे. कुरियन. पंतप्रधान त्यावर बोलले नाहीत. त्याआधी मंत्रिमंडळात मसुद्यावर कुरबूर झाली, तेव्हा रावांनी मजकूर बदलला नाही. वर नेहरू, इंदिरा आणि राजीव यांचा वारसा सांगणारी एक लांबलचक प्रस्तावना जोडली आणि तोच मसुदा मंजूर करून घेतला. अवमूल्यनाचा दुसरा टप्पा थांबवावा, असंही त्यांच्या मनात आलं होतं, पण निरोप पोचेपर्यंत रिझर्व्ह बँकेने तो जाहीर करून टाकला होता. पुढच्या वर्षी तिरुपतीच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी 'मध्यम मार्ग' सांगितला. ऐकणाऱ्याला वाटावं, काही बदललेलंच नाही.

रावांचे समर्थक म्हणतात, गाजावाजा न करता केलं म्हणून तर झालं. सांगून करायला गेले असते तर पक्षातल्यांनीच पाय ओढले असते. १९९१ च्या जुलैपुरतं हे मला शंभर टक्के पटतं. घराला आग लागली असताना ग्रामसभा बोलवायची नसते. पण आग किती दिवस होती? १९९४ च्या मार्चपर्यंत परकीय चलनाची गंगाजळी सुमारे १९ अब्ज डॉलरवर गेली होती. त्यानंतर तरी लोकांपुढे जाऊन, बाबांनो, जुनी वाट आपण सोडली आहे, का सोडली आणि कोणाला काय सोसावं लागेल ते ऐका, असं सांगायला काय हरकत होती? ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. १९९६ मध्ये काँग्रेस १४० जागांवर आली, तोवरचा नीचांक. ज्या धोरणाच्या नावाने आज ग्रंथ लिहिले जातात, त्या धोरणाच्या नावाने मत मागायला त्याचा कर्ताच धजावला नव्हता.

याची किंमत कोणी मोजली, हे बघायला फार लांब जायला नको. मागच्या खरिपात मामांबरोबर एका कृषी केंद्रात उभा होतो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपीची, म्हणजे स्फुरदाच्या खताची, ५० किलोची १३५० रुपये. त्यात दुकानदाराचं लिंकिंग. म्हणजे डीएपी हवं असेल तर नको असलेली सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटलीही पदरात घ्यायची. मामांनी दोन गोण्या डीएपीऐवजी एक घेतली आणि युरिया वाढवला. बाहेर आल्यावर मी शहाणपण शिकवायला लागलो की नत्र जास्त झालं की जमीन बिघडते. मामा गोणीवर बसून तंबाखू मळत म्हणाले, "मले माहीत नाही का? भाव पाय नं तू." या भावांची मुळं २५ ऑगस्ट १९९२ पर्यंत जातात. त्या दिवशी रावांच्या सरकारने स्फुरद आणि पालाश यांच्या खतांचे भाव मोकळे केले आणि युरिया मात्र सरकारी भावातच ठेवला. कारण उघड होतं. १९९१ च्या अर्थसंकल्पात खतांचे भाव चढवले तेव्हा इतकी ओरड झाली होती की पंधरवड्यात काही अंशी माघार घ्यावी लागली. म्हणून जे बोचणार नाही ते मोकळं केलं आणि बोचेल ते झाकून ठेवलं. मग अनुदानं आली, धोरणं बदलली, सरकारं बदलली, पण त्या अर्ध्या निर्णयाचा कल अजून शेतकऱ्याच्या हाताला युरियाकडेच ओढतो.

शेतीचंच एकूण असं झालं. कारखानदाराला परवान्यातून मोकळीक मिळाली, पण विदर्भातल्या कापूसवाल्याला आपला कापूस एकाधिकार खरेदीतच, म्हणजे एकट्या सरकारलाच, घालावा लागत होता, तो पुढे दशकभर. ती योजना राज्याची होती, तिचं खापर रावांवर फोडणं अन्यायाचं होईल. पण शेतकऱ्याला बाजार खुला करायचा की नाही, करायचा तर त्याच्या पाठीशी काय उभं करायचं, हा वाद देशपातळीवर जाहीरपणे घालायची वेळ तीच होती. शेतकरी संघटनेचे शरद जोशी जागतिक व्यापार कराराच्या मसुद्याच्या, म्हणजे डंकेल प्रस्तावाच्या, बाजूने उभे राहून शिव्या खात होते. विरोधकही तितक्याच तावातावाने बोलत होते. पंतप्रधान तेवढे गप्प होते. त्या गप्प बसण्याची सवय इतकी रुजली की २०२० च्या जूनमध्ये तीन कृषी कायदे आले तेही अध्यादेशाच्या वाटेनेच. त्या कायद्यांत काही बरं असेल, काही वाईट. पण चर्चा न करता करून टाकू, मग लोक पचवतील, हा हिशेब तिथे साफ चुकला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घ्यावे लागले. करणारा पक्ष वेगळा होता, वळण १९९१ चं होतं.

आता त्या अल्पमताच्या सबबीकडे येतो, कारण ती प्रत्येक वादात हुकमाच्या पानासारखी टाकली जाते. सरकार अल्पमतात होतं, बिचारे करणार काय? यावर उत्तर रावांच्याच कारकिर्दीत आहे. पंचायत राज आणि नगरपालिकांच्या ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्या लोकसभेने मंजूर केल्या त्या २२ डिसेंबर १९९२ रोजी. मशीद पडून पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत लागतं. राजीव गांधींकडे चारशेच्या वर खासदार असताना त्यांचं पंचायत राजचं विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडलं होतं. रावांच्या अल्पमतातल्या सरकारने ते करून दाखवलं, आणि कसं? संयुक्त समितीत सगळ्या पक्षांना बसवून, उघडपणे चर्चा करून. आज पारशिवनीच्या पंचायत समितीत ज्या बायका खुर्चीवर बसतात, त्यांच्या खुर्चीला कोणी हात लावू धजत नाही. म्हणजे लोकांना बरोबर घेऊन काम करणं या माणसाला येत होतं. देशात आगी लागल्या असतानाही येत होतं. मग इतर वेळी ते का केलं नाही, याचं उत्तर खासदारांच्या संख्येत सापडत नाही.

आणि अयोध्येआधी दिल्ली होती. रावांवरच्या वादात १९८४ फारसं येतच नाही, याचं मला दरवेळी आश्चर्य वाटतं. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा देशाचे गृहमंत्री नरसिंह राव होते. पुढच्या तीन दिवसांत एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २७३३ शीख मारले गेले. अयोध्येबाबत 'राज्य सरकार आडवं आलं' असं म्हणता येतं. दिल्लीचे पोलीस तर थेट केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हाताखाली होते. मध्ये मुख्यमंत्री नव्हता, शपथपत्र नव्हतं, राष्ट्रपती राजवटीच्या ३५६ कलमाचा पेच नव्हता. लष्कर ताबडतोब बोलवा, असं सांगायला इंद्रकुमार गुजराल त्या संध्याकाळी रावांकडे गेले होते आणि तो सल्ला ऐकला असता तर ते हत्याकांड टळलं असतं, हे २०१९ मध्ये जाहीर व्यासपीठावरून सांगितलं कोणी? मनमोहन सिंगांनी, ज्यांना रावांनीच राजकारणात आणलं. समर्थक म्हणतात, सूत्रं पंतप्रधान कार्यालयाने आपल्याकडे घेतली होती, गृहमंत्री नामधारी उरला होता. असेल. पण नामधारी गृहमंत्र्याच्या हातात एक गोष्ट तरीही उरते. ती म्हणजे राजीनामा. तो आला नाही. दोन महिन्यांच्या आत ते रामटेकमध्ये मतं मागत होते. मामांना मी विचारलं, तेव्हा दिल्लीबद्दल त्यांना कोणी काही विचारलं होतं का? मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवा इंदिराबाई गेल्याचंच दुख होतं सगळ्यायले. अन् मोठा मानूस आपल्या इकडून उभा रायला, याचीच मोठी गोष्ट." हे उत्तर रावांपेक्षा आम्हालाच जास्त लागतं.

तर, ६ डिसेंबर. रावांच्या बाजूचं कायदेशीर म्हणणं कच्चं नाही, ते नीट मांडायला हवं. उत्तर प्रदेशात लोकांनी निवडून दिलेलं कल्याण सिंह सरकार होतं. वास्तूचं रक्षण करू अशी हमी त्या सरकारने राष्ट्रीय एकात्मता परिषदेला दिली होती, सर्वोच्च न्यायालयालाही लिहून दिली होती. न्यायालयाने त्या हमीवर विसंबून प्रतीकात्मक कारसेवेला परवानगी दिली आणि आपला निरीक्षक नेमला. राज्यपालांनी केंद्राला कळवलं होतं की सरकार बरखास्त करायची ही वेळ नव्हे. काहीच घडलेलं नसताना निव्वळ संशयावरून राज्य सरकार घालवणं म्हणजे ३५६ चा तोच गैरवापर, ज्याबद्दल आपण इंदिराबाईंना आजही बोल लावतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेणाऱ्यांनी आपल्या आवडीच्या एखाद्या राज्य सरकारवर तो लावून बघावा.

एवढं मान्य करूनही रावांची सुटका होत नाही, कारण त्यांच्या बाजूचं सगळं म्हणणं ६ डिसेंबरच्या दुपारपर्यंतचं आहे. केंद्रीय गृहसचिव तेव्हा माधव गोडबोले होते, महाराष्ट्र केडरचे. वास्तू केंद्राच्या ताब्यात घ्यायची वेळ आली तर ती कशी घ्यायची, याची तपशीलवार योजना त्यांच्या मंत्रालयाने महिनाभर आधी तयार करून दिली होती. ती कागदावरच राहिली. बरं, योजना नको होती तर नको म्हणायचं. तेही म्हटलं नाही. केंद्रीय दलं फैजाबादजवळ उभी होती. दुपारी पहिला घुमट पडला, संध्याकाळी कल्याण सिंहांनी राजीनामा दिला, रात्री राष्ट्रपती राजवट लागली. आता मध्ये राज्य सरकार नव्हतं, हमी नव्हती, राज्यपालांचा सल्ला नव्हता. तरीही जागा केंद्रीय दलांच्या ताब्यात आली ती ८ डिसेंबरच्या पहाटे. मधल्या ३० तासांहून जास्त वेळात तिथे तात्पुरतं मंदिर उभं राहिलं. त्या तासांना कोणतं कलम आडवं आलं होतं? आणि त्याहून अवघड प्रश्न पुढे आहे. ६ डिसेंबरच्या आधी ज्यांना एक राज्य सरकार हलवायला घटना परवानगी देत नव्हती, त्यांनी १५ डिसेंबरला मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल अशी तीन राज्य सरकारं एका झटक्यात घरी पाठवली. भोपाळ, जयपूर आणि शिमल्यात कोणती वास्तू पडली होती? १९९४ च्या बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या बरखास्त्या वैध ठरवल्या, धर्मनिरपेक्षता हा घटनेचा गाभा आहे म्हणून. म्हणजे गाभ्याला धोका असेल तर केंद्राचे हात बांधलेले नसतात, हे न्यायालयानेही मान्य केलं. पडल्यानंतर जे धैर्य सुचलं ते पडण्याआधी लागत होतं. हमी मोडणाऱ्या मुख्यमंत्र्याला पुढे न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक दिवसाची कैद आणि २००० रुपये दंड झाला. मुंबईतल्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलीत मात्र ९०० माणसं मेली.

आमच्या शहरात तर या सगळ्याचा एक खास अंक झाला. १० डिसेंबरला संघावर बंदी आली, त्याचं मुख्यालय इथे, महालात. जूनमध्ये न्यायाधिकरणाने ती बंदी टिकणारी नाही असं सांगितलं आणि ती उठली. घाईने, दिसण्यापुरतं केलेलं काम न्यायासनापुढे टिकत नाही, यात नवल नाही. संघाची स्थापना इथे झाली, पण नागपूरने लोकसभेत भाजपचा खासदार तोवर कधीच पाठवला नव्हता. १९७७ च्या लाटेतही विदर्भ काँग्रेसबरोबर राहिला होता. नागपुरात भाजप लोकसभेला पहिल्यांदा जिंकला तो १९९६ मध्ये, रावांच्या पाच वर्षांनंतर, आणि जिंकलेले बनवारीलाल पुरोहित आधी दोनदा काँग्रेसकडून निवडून आलेले. रावांच्या सावधपणाने काँग्रेस तरी वाचली, असं म्हणणाऱ्यांनी या एका मतदारसंघाकडे बघावं. मुसलमान गेले, आणि हिंदूही राहिले नाहीत.

रावांना आपल्याकडे सर्रास 'चाणक्य' म्हणतात. मराठी वृत्तपत्रांनी ही पदवी इतकी स्वस्त केली आहे की जिल्हा परिषदेत चार सदस्य फोडणाराही चाणक्यच. मला रावांसाठी आपल्या इतिहासातली दुसरी जागा जास्त योग्य वाटते. पेशवाईतले साडेतीन शहाणे आठवा. सखारामबापू बोकील पेशव्यांकडचे, देवाजीपंत चोरघडे आमच्या नागपूरकर भोसल्यांकडचे, विठ्ठल सुंदर हैदराबादच्या निजामाकडचा. हे तीन पुरे. नाना फडणवीस अर्धे. का अर्धे? बुद्धीत ते कोणाला हार जाणारे नव्हते. बाकीचे तिघे मसलतीइतकेच मैदानातले होते, विठ्ठल सुंदर तर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईतच पडला. नानांचा कारभार लेखणीचा, हेरांचा आणि पत्रांचा. नानांनी पेशवाई पंचवीस वर्षं सावरली, हे कोणी नाकारत नाही. पण कारभार सगळा त्यांच्या डोक्यात. १८०० मध्ये ते गेले आणि अठरा वर्षांत शनिवारवाड्यावरचं निशाण उतरलं. हैदराबादकडचा हा चौदा-पंधरा भाषा जाणणारा, नागपुरात शिकलेला माणूस मला त्या अर्ध्या जागेवर दिसतो. मसलतीत पुरा, मैदानात उभं राहायची वेळ आली की अर्धा.

१९९३ चं प्रकरण खरं म्हणजे दोन ओळींत संपावं, पण त्यातली एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. २८ जुलै १९९३ रोजी अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला आणि सरकार तगलं. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना पैसे दिल्याचा आरोप झाला. विशेष न्यायालयाने २००० मध्ये रावांना दोषी धरलं, दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये निर्दोष सोडलं. निर्दोष म्हणजे निर्दोष, मी ते उकरून काढणार नाही. पण मधल्या काळात, १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. सभागृहातल्या मताबद्दल खासदाराला कोणत्याही न्यायालयात जाब विचारता येत नाही, म्हणून लाच घेऊन मत दिलं तरी तो सुरक्षित, असं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं. त्या खटल्याचं नावच 'पी. व्ही. नरसिंह राव विरुद्ध राज्य'. लाच दिली नाही, हा बचाव पुढचा. आधीचा बचाव होता, हे विचारायचा तुम्हाला अधिकारच नाही. तो निकाल जवळजवळ २६ वर्षं या देशाचा कायदा म्हणून राहिला. रावांना भारतरत्न जाहीर झालं ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, स्वामीनाथन आणि चरणसिंहांच्या बरोबर. ते प्रदान झालं ३० मार्चला. या दोन तारखांच्या मध्ये, ४ मार्चला, सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो १९९८ चा निकाल रद्द केला. एकाच महिन्यात राज्यसंस्थेने एका हाताने त्यांच्या नावाला हार घातला आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या नावाचा कायदा पुसला. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या आल्या, पण वेगवेगळ्या पानांवर.

शेवटचा युक्तिवाद भावनेचा असतो आणि तोच सभागृहात सर्वांत जास्त टाळ्या घेतो. त्या दिवशीही घेतल्या. पक्षानेच त्यांना वाळीत टाकलं, मेल्यावरसुद्धा सोडलं नाही, मग तुम्ही आम्ही कशाला त्यांना आणखी बोलायचं? २३ डिसेंबर २००४ ला राव दिल्लीत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचं पार्थिव घेतलेली तोफगाडी २४ अकबर रोडच्या काँग्रेस मुख्यालयासमोर थांबली. माजी पंतप्रधान, माजी पक्षाध्यक्ष. फाटक उघडलं नाही. नेते बाहेर रस्त्यावर आले, फुलं वाहिली, गाडी विमानतळाकडे निघाली आणि अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. वाईटच झालं ते. पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. फाटक उघडू नका, असा आदेश कोणी दिला, हे आजवर कोणी आपल्या तोंडाने सांगितलेलं नाही. कोणी म्हणालं गर्दी होती, कोणी म्हणालं किल्ली मिळाली नाही, कोणी म्हणालं कुटुंबाचीच तशी इच्छा होती. निर्णय झाला, अंमलात आला, आणि तो कोणाचाच नव्हता.